कवळीच्या पाटीवरचं हसू

माणसं फोटो विकत घेतात तेव्हा नेमकं काय विकत घेतात, हे समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं पाठदुखीत चाललंय. "पैसे मोजले ना आम्ही, मग फोटो आमचाच की" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत, त्यामुळे आता मी वाद घालत नाही, सरळ एक कागद पुढे करते. त्यावर साध्या भाषेत लिहिलेलं आहे की फोटो घरात लावा, नातेवाइकांना पाठवा, केकवर छापून कापून खा, माझी काही हरकत नाही. पण धंद्यासाठी किंवा जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर आधी मला विचारायचं, आणि हो म्हणायचं की नाही ते मी ठरवणार. लोक सही करतात. वाचत कोणी नाही. सही करताना त्यांचं सगळं लक्ष समोरच्या पडद्यावर असतं, आपली हनुवटी दुहेरी तर आली नाही ना, या काळजीत.

म्हणून त्या दुपारी मावशी माझ्या स्टुडिओचा जिना चढून आल्या, खुर्चीत बसून आधी धाप जिरवली, मग पर्समधून तो कागद काढून म्हणाल्या, "हा मी वाचलाय," तेव्हा मी चाटच पडले.

"सगळा?"

"सगळा. काही ओळी भिंग लावून वाचाव्या लागल्या. अक्षरं जरा मोठी करा हो."

मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. मागच्या रस्त्यावर मुलाच्या दुकानाच्या वर, मुलगा आणि सून यांच्यासोबत त्या राहतात. मुलगा कवळ्या बनवतो. आधी दातांच्या डॉक्टरांना करून द्यायचा, आता स्वतःचं दुकान थाटलंय, त्यामुळे अख्ख्या वस्तीत त्याला कवळीवाला म्हणूनच ओळखतात. मध्यंतरी मावशी एकट्याच माझ्याकडे फोटो काढायला आल्या होत्या. कशासाठी हवाय, असं मी नेहमीप्रमाणे विचारलं, कारण पासपोर्टला वेगळा लागतो, ओळखपत्राला वेगळा. तर म्हणाल्या, "कशासाठी म्हणजे? फोटोसाठी." पैसेही त्यांनी स्वतःच्याच पर्समधून दिले.

तो फोटो चांगला आला होता. मी स्वतःच्या कामाचं सहसा कौतुक करत नाही, करायला आता अंगात त्राणही नसतं. पण तो खरंच चांगला आला होता. मान मागे टाकलेली, डोळे जवळजवळ मिटलेले, आणि तोंड उघडून मनसोक्त हसणाऱ्या मावशी. बाई अशी हसताना मी बऱ्याच काळात पाहिली नव्हती, माझ्या कॅमेऱ्यासमोर तर नाहीच. लोक माझ्यासमोर हसतात ते दात दुखत असल्यासारखे.

"मग, फोटो लावला का खोलीत?" मी विचारलं.

"तेच सांगायला आलेय," मावशी म्हणाल्या. "मोठा करून आण म्हणून लेकाला पेनड्राइव्ह दिला. त्याने आणला करून. जरा जास्तच मोठा आणला."

त्यांनी मोबाइल पुढे केला. दुकानाच्या शटरच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मावशी हसत होत्या. शेजारी लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘आईसारखं मनमोकळं हसा! ही आमच्या कवळीची कमाल!’

मी पाटी वाचली आणि मावशींकडे पाहिलं. "पण मावशी, तुमचे दात तर..."

"माझेच आहेत!" त्या एकदम ताठ झाल्या. तोंड उघडून त्यांनी नखाने पुढच्या दातावर टकटक केली. "एकूण एक. अक्कलदाढेसकट. डॉक्टरसुद्धा म्हणतात, या वयात असे दात बघायला मिळत नाहीत. आणि आता रस्त्याने चाललं की लोक माझ्या तोंडात बघतात. औषधाच्या दुकानात एक बाई विचारते, रात्री पाण्यात ठेवता का? दुसरी म्हणते, जरा काढून दाखवा ना, कशी बसते ते बघू."

मला हसू फुटलं. मावशी हसल्या नाहीत, तेव्हा मी ते आवरलं.

"मग लेकाला सांगा ना, पाटी उतरव म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कालच जन्माला आलेय. "तुम्हाला मूलबाळ?"

"नाही."

"मग राहू द्या." मग म्हणाल्या, "तो वाईट नाही हो. डॉक्टरकडे नेतो, औषधं संपायच्या आधी आणून ठेवतो. पण त्याला नाही म्हटलं की घरात भांडी आदळायला लागतात. तो बोलत नाही, मग सून बोलत नाही. शेवटी मीच काहीतरी निमित्त काढून बोलायला जाते. आणि दुकान चालत नव्हतं त्याचं. ही पाटी लागल्यापासून माणसं यायला लागलीत. आता कोणत्या तोंडाने सांगू, उतरव म्हणून?"

"मग मी काय करू म्हणता?"

मावशींनी कागदावर बोट ठेवलं. बरोबर त्या ओळीवर, जी मी इतकी वर्षं लोकांना दाखवत आले होते. "इथे लिहिलंय, हक्क तुमचा. तुम्ही नाही म्हणा. माझं नाव येऊ देऊ नका."

म्हणजे चेहरा त्यांचा, दात त्यांचे, हसू त्यांचं, लेकही त्यांचाच. फक्त नाही म्हणायचा हक्क तेवढा माझा. मला खरं सांगायचं तर कंटाळा आला. राग नाही, निव्वळ कंटाळा. जगातला जेवढा म्हणून वाईटपणा असेल तो घ्यायला माझाच जिना का चढतात माणसं, कोण जाणे. नवऱ्याचा मामा फोटोत नको असतो, तेव्हा ‘फोटोवालीनेच कापला हो’ असं सांगायला मी. थोरल्या जावेचा फोटो छान आला आणि धाकटीचा फिका पडला, तर लाइट चुकीचा लावणारी मी. घरातल्या घरात जे एकमेकांना सांगता येत नाही, ते माझ्या नावावर खपवायचं, आणि मी ते निमूट खपू द्यायचं.

मी तसं बोलूनही दाखवलं. "मावशी, मला या भानगडीत पाडू नका. मला याच वस्तीत धंदा करायचाय. तुमचा मुलगा दहा जणांना सांगेल, ती बाई खडूस आहे, तिच्याकडे जाऊ नका. तुम्ही माय-लेक उद्या एक व्हाल आणि मी मात्र बसेन तोंडात मारल्यासारखी."

"बरं," मावशी म्हणाल्या. कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि उठल्या.

त्या चिडल्या असत्या, रडल्या असत्या, तरी मी बधले नसते. पण ते ‘बरं’ फारच सरावाचं होतं. आयुष्यभर तेच म्हणत आलेल्या माणसाचं. त्या गेल्यावर मी एका साखरपुड्याचे फोटो सुधारायला बसले आणि प्रत्येक चेहऱ्यावर तीच पाटी दिसायला लागली. शेवटी मी वैतागून मोबाइल उचलला आणि कवळीवाल्याला फोन लावला.

सुरुवातीला तोंडात साखर होती. "अहो मॅडम, तुमच्या फोटोचं केवढं नाव झालंय! येणारा-जाणारा थांबून बघतो. मी सगळ्यांना सांगतो, कोणी काढलाय ते." मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून झाल्यावर मी शांतपणे सांगितलं, की फोटो घरगुती वापरासाठी दिलेला आहे, दुकानावर चालणार नाही, पाटी उतरवा. साखर संपलेल्या आवाजात तो म्हणाला, "येतो मी. समोरासमोर बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, आणि सोबत मावशींना घेऊन आला. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईला आणणार, हे कोणाच्याही लक्षात आलं असतं, पण माझं डोकं हल्ली दुपारपर्यंतच चालतं.

मावशी दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. माझ्याकडे त्यांनी ओळखीच्या नजरेनेसुद्धा पाहिलं नाही.

"हं, बोला मॅडम," चिरंजीव म्हणाले. "आईचा फोटो, आईने पैसे दिले, दुकान तिच्या पोराचं. तुम्हाला त्रास काय आहे?"

"त्रास काही नाही. कागदावर लिहिलंय तेवढंच सांगतेय. त्यावर त्यांची सही आहे."

"तिला काय कळतंय त्यातलं! आई, तुझी हरकत आहे का? सांग यांना तूच."

मी मावशींकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "नाही बाई," त्या म्हणाल्या. "एवढं काय त्यात? लेकाचंच तर दुकान आहे. तुम्ही उगाच ताणून धरताय."

नाटकात काम करणाऱ्या बायकांचे फोटो मी काढलेत. त्यांनाही इतकं सहज जमत नाही. क्षणभर मला वाटलं, हे खरंच आहे, रात्रीत बाईचं मन बदललंय आणि मी फुकटची मध्ये सापडलेय. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. पण त्यांची पर्स मांडीवर होती आणि दोन्ही हातांनी त्यांनी ती अशी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "आता आणखी काय पाहिजे? तुमचा तो हक्क विकतच घेतो मी. बोला किती."

"विकायचा नाही."

"का पण?"

का, ते मला सांगता येत नव्हतं. ते सांगायला खुर्चीत बसलेलं माणूस तयार नव्हतं. "त्यांचे दात खरे आहेत," मी म्हणाले. "खरे दात दाखवून तुम्ही कवळी विकताय. त्यासाठी माझा फोटो मी देणार नाही."

"जाहिरातीत सगळे असंच करतात."

"करू देत. माझ्या फोटोवर नाही."

मग त्याचा तोल गेला. मी आडमुठी आहे, नाकाने कांदे सोलते, एक बटण दाबलं म्हणजे मी स्वतःला काय समजते, असं बरंच काही बोलून झालं. मी ऐकून घेतलं. मला त्यातलं निम्मं आधीच पाठ होतं. आणि मग एकदम तो थांबला. चेहरा उजळला, आणि त्याने खिशातून मोबाइल काढला.

"मी पण वेडाच आहे," तो म्हणाला. "फोटोच पाहिजे ना? मीच काढतो. माझी आई, माझा फोन, माझा फोटो. आता सांगा, कुठला कागद आडवा येतो?"

कुठलाच येत नव्हता. माझा हक्क माझ्या फोटोपुरता. मावशींच्या चेहऱ्यावर माझा काय हक्क असणार? इतकी वर्षं तोच तो नियम लोकांच्या तोंडावर फेकताना, त्याचं कुंपण कुठे संपतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. मावशींनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणेन अशी वाट त्या बघत होत्या. मी मान खाली घातली, आणि त्यांना कळलं.

"आई, ये. इथे खिडकीपाशी बस. उजेड चांगला आहे."

मावशी उठल्या. पर्स खुर्चीवर ठेवली आणि माझ्या स्टुलावर जाऊन बसल्या. कोणी मान धरून बसवलं असतं तर मी मध्ये पडले असते. पण त्या आपल्या आपणच बसल्या, केसही सारखे केले. ते मला बघवेना.

"हं. हस आता. त्या फोटोत हसलीस तशी."

मावशींनी प्रयत्न केला. मी शपथेवर सांगते, मनापासून केला. ओठ ताणले गेले, गाल वर गेले, आणि तोंड उघडायची वेळ आली की मिटलं.

"दात दिसू देत ना आई. अगं दात!"

दात दिसले. पण ते डॉक्टरला दाखवतात तसे. तो मागे गेला, पुढे आला, गुडघ्यावर बसला. फोटो काढायचा, बघायचा, मान हलवायची, परत काढायचा. त्याने एक विनोद सांगून पाहिला, तो इतका वाईट होता की मलाच त्याची दया आली. मग त्याने फोन त्यांच्यासमोर धरून त्यांचाच जुना फोटो त्यांना दाखवला. "हे बघ. असं. जमतंय की तुला!" मावशींनी त्या फोटोकडे पाहिलं आणि आणखीच ओशाळल्या.

"जमेना रे," त्या म्हणाल्या. "मी करतेय, पण होत नाही."

तो उभा राहिला. चिडून माझ्याकडे वळला, पण आवाज मात्र चिडलेला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही कसं हसवलंत हिला?"

मी काहीच केलं नव्हतं. त्या दिवशी मागच्या पडद्याचा मोठा कागदी रोल स्टँडवरून सुटला आणि घरंगळत थेट माझ्या डोक्यावर आला. एका हाताने मी तो झेललाच, दुसऱ्या हातात कॅमेरा होता, मावशींना हसताना पाहिलं आणि बोटाने सवयीने बटण दाबलं. एवढंच. मी तसं सांगणार होते, पण मावशीच बोलल्या.

"यांच्यावर कागद पडला, आणि मी हसले. त्यात यांचं काही नाही. तो काय, घरीही पडला असता. पण घरी असते तर मी तोंडावर हात धरला असता."

"का?"

"तूच म्हणतोस ना, आई हळू. खाली आवाज येतो, गिऱ्हाईक बसलेलं असतं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं.

"मी कधी म्हणालो असं?"

"म्हणतोस की. परवाही म्हणालास, सुनेसमोर. बरोबरच आहे तुझं, माझा आवाज मोठाच आहे. मी काही तक्रार करत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं." आणि मग त्या म्हणाल्या, "परत एकदा बघू का? आता कदाचित येईल."

त्याने फोन खाली केला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो वाईट माणूस नाही, हे मावशी म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा पटलं. वाईट असता तर त्याला ते लागलंच नसतं. आईकडे त्याला बघता येईना, आणि कोणावर तरी चिडल्याशिवाय राहवेना, म्हणून तो माझ्यावर चिडला.

"उतरवतो पाटी," तो मला म्हणाला. "आजच उतरवतो. झालं समाधान? घाला आता लोणचं तुमच्या हक्काचं. आईचा फोटो लावायचीसुद्धा चोरी झाली तुमच्यामुळे."

"हो," मी म्हणाले. "माझ्यामुळेच."

तो धाडधाड जिना उतरत गेला. मावशी स्टुलावरून उठल्या, पर्स घेतली, आत सगळं आहे का ते तपासलं. मला त्यांनी धन्यवाद दिले नाहीत, आणि मला ते नकोच होते. मला फक्त यातून मोकळं व्हायचं होतं. पुढच्या वेळी याला दुसरं काही सुचेल, आणि त्या परत जिना चढून येतील, आणि परत मी नाही म्हणायचं. मी टेबलावरून पेन उचललं.

"मावशी, जरा थांबा. आत्ता लिहून देते. या फोटोचे सगळे हक्क तुमच्या नावावर, फुकट. उद्या कोणी काही विचारलं तर हो की नाही ते तुम्ही सांगायचं. मध्ये माझी गरजच नाही."

त्या दारात थांबल्या. मी कागदावर तारीख घातलीसुद्धा. त्यांनी त्या कागदाकडे पाहिलं, माझ्या पेनकडे पाहिलं, आणि खरंच विचार केला. खालून हाक आली, "आई!"

"आले रे!" त्या ओरडल्या. आवाज खरंच मोठा होता.

मग माझ्याजवळ येऊन, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "नको बाई. हक्क माझ्याकडे आला तर मी तो त्याला देऊन टाकेन. राहू दे तुमच्याकडेच."

आणि कठड्याला धरून, एक एक पायरी करत खाली गेल्या.